वाचकांचे प्रश्न : तेलाने नासलेले भूजल आणि गणित

मागच्या अंकातल्या भूजल प्रदूषणावरच्या लेखात एक वाक्य होते : तेलक्षेत्रात नासलेले पाणी साफ करायला पंपाइतकीच गणिताची गरज लागते. त्या एका वाक्यावर सोलापूर, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट इकडून बरीच पत्रे आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. गणिती प्रारूपाला आम्ही सरळ 'मॉडेल' म्हटले आहे, कारण विद्यार्थी आणि अधिकारी दोघेही तसेच म्हणतात.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला 'तेलक्षेत्रातील दूषित भूजलाच्या शुद्धीकरणाचे गणिती मॉडेल' हा विषय मिळाला आहे. आपल्या जिल्ह्यात तेलाची विहीर नाही. पुस्तकात समीकरणे आहेत, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. इथे बसून हे काम जमेल का? (भूविज्ञानाची विद्यार्थिनी, सोलापूर)

जमेल. फक्त संगणक उघडण्याआधी एक दिवस कागद-पेन्सिलीला द्या.

तेल जमिनीत सांडले की त्याचे तीन वाटे होतात. काही भाग मातीच्या कणांमध्ये अडकून बसतो. काही पाण्याच्या पातळीवर तरंगतो. आणि बेंझिन, टोल्युइन यांच्यासारखी थोडीफार विरघळणारी द्रव्ये पाण्यात उतरून पाण्याबरोबर चालू लागतात. मॉडेल बहुतेक वेळा या तिसऱ्या वाट्याचे असते. पुस्तकातले लांबलचक समीकरण म्हणजे त्याचा जमाखर्च आहे : एका चौकटीत किती आले, किती बाहेर गेले, किती मातीला चिकटले आणि किती जिवाणूंनी खाल्ले. आणखी एक बाब पसरण्याची. पाणी सगळ्या वाटांनी सारख्या वेगाने जात नाही, त्यामुळे दूषित पट्ट्याची कड धूसर होत जाते.

आता आकडे घाला. मेहसाणा, अंकलेश्वर किंवा वरचा आसाम, ही तेलक्षेत्रे गाळाच्या मैदानात आहेत. तिथे पाणी वाळूच्या थरात असते. समजा वाळूची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) दिवसाला १० मीटर, पाण्याच्या पातळीचा उतार हजाराला २, सच्छिद्रता (कणांमधल्या मोकळ्या जागेचा वाटा) ०.२५. डार्सीने १८५६ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे १० गुणिले ०.००२ भागिले ०.२५, म्हणजे दिवसाला ८ सेंटिमीटर, वर्षाला २९ मीटर. हा झाला पाण्याचा वेग. बेंझिन मातीतल्या सेंद्रिय अंशाला चिकटत चिकटत जाते. सेंद्रिय कार्बन ०.१ टक्के आणि मातीची घनता लिटरला १.७ किलो धरली तर बेंझिनचा मंदन गुणक सुमारे १.४ येतो. म्हणजे पाणी २९ मीटर जाते तेव्हा बेंझिन जेमतेम २१ मीटर.

उगमापाशी बेंझिन किती असेल? शुद्ध बेंझिन लिटरभर पाण्यात सुमारे १,७८० मिलीग्रॅम विरघळते. पण तेलात ते इतर शंभर द्रव्यांच्या गर्दीत असते. रेणूंच्या हिशेबात शंभरात एक धरले तर पाण्यात १८ मिलीग्रॅमच्या आसपास उतरेल. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ०.०१ मिलीग्रॅम आहे. १८ वरून ०.०१ वर यायला जवळजवळ ११ अर्धायुष्ये लागतात (अर्धायुष्य म्हणजे निम्मे व्हायला लागणारा काळ). जिवाणू एका वर्षात निम्मे बेंझिन खात असतील तर, पसरणे सोडून दिले तरी, दूषित पट्टा सुमारे २२५ मीटरवर थांबेल. निम्मे व्हायला दोन वर्षे लागत असतील तर ४५० मीटरवर. घोडे इथेच पेंड खाते. अर्धायुष्याचा आकडा पुस्तकातून उचलला तर गाव वाचते की बुडते, हेच पुस्तकातून उचलल्यासारखे होते.

तो आकडा जागेवरच काढावा लागतो. एक ग्रॅम बेंझिन पूर्ण जाळायला जिवाणूंना ३.१ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाण्यात ६ मिलीग्रॅम ऑक्सिजन असेल तर तो दोन मिलीग्रॅम बेंझिनलाही पुरत नाही. तो संपला की जिवाणू नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्याकडे वळतात आणि शेवटी मिथेन तयार होतो. म्हणून उगमाच्या वरच्या बाजूच्या स्वच्छ विहिरीतला ऑक्सिजन, नायट्रेट आणि सल्फेट मोजा, पट्ट्याच्या आतला मोजा आणि वजाबाकी करा. किती खाल्ले गेले ते तिथे लिहिलेले असते.

हीच कवायत सोलापूरच्या खडकावर करून पाहा, म्हणजे विषय खरा कळेल. आपल्याकडे वर मुरूम, खाली मांजऱ्या, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आणि अधूनमधून लाल गेरूचा थर. पाणी भेगांतून जाते, आणि भेगांनी व्यापलेली जागा खडकाच्या एक टक्क्याइतकी असली तरी पुष्कळ. पारगम्यता दिवसाला १ मीटर, उतार शंभराला १, सच्छिद्रता ०.०१ धरा. वेग येतो दिवसाला १ मीटर. वाळूच्या बारापट! एखाद्याने वाळूचे ०.२५ इथे तसेच ठेवले तर वेग २५ पटीने कमी दिसेल आणि पंधरा दिवसांत पोचणारे तेल वर्षभराने येईल असे अहवालात छापले जाईल.

दुसरा खड्डा जुळवणीचा. मॉडेलमध्ये जमिनीत मुरणारे पाणी दुप्पट धरले आणि पारगम्यताही दुप्पट धरली, तर स्थिर स्थितीतल्या विहिरींच्या पातळ्या जशाच्या तशा जुळतात. वेग मात्र दुप्पट झालेला असतो. तेव्हा 'पातळ्या जुळल्या, मॉडेल बरोबर' असे लिहू नका. एखादा वाहता आकडा हवाच : ओढ्यात झिरपून येणारे पाणी मोजा, नाहीतर पंपिंग टेस्ट घ्या, म्हणजे ठरावीक उपसा करून पातळी कशी उतरते ते नोंदवा. ती टेस्ट मोठ्या विहिरीवर घ्याल तर आणखी एक काळजी. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १ मीटर उतरली की २८ हजार लिटर पाणी निव्वळ विहिरीच्या पोटातले निघालेले असते. सेकंदाला ८ लिटर उपसणारी मोटर पहिला तासभर तेच उपसते, खडक अजून बोललेलाही नसतो. थाइसचा १९३५ चा वक्र अरुंद बोअरसाठी आहे, त्याला हे आकडे लावू नका. पापाडोपुलोस आणि कूपर यांची मोठ्या व्यासाच्या विहिरींची १९६७ ची रीत वापरा. नाहीतर मोटर बंद केल्यावर पाणी कसे भरते त्याची नोंद घ्या.

आकडेवारीसाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले बेमिजी घ्या. तिथे २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची नळी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. साफसफाईनंतरही चारेक लाख लिटर जमिनीत राहिले. १९८३ पासून तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्या जागेचा सतत अभ्यास केला आहे आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. विरघळलेला पट्टा पाण्यापेक्षा पुष्कळ मागे राहिला, कारण जिवाणू वाटेत खात होते. तुमच्या मॉडेलला तो मागे पडलेला पट्टा दाखवता आला, तर ते पुढच्या जागेवर न्यायला हरकत नाही.

प्रश्न : हायवेवरच्या पेट्रोल पंपापासून आमची विहीर दीडशे मीटरवर आहे. महिनाभर पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, वर तवंग दिसतो. शेजारच्यांची विहीर पंपाच्या आणखी जवळ आहे, तिला काहीच नाही. चार दिवस मोटर सतत चालवून विहीर उपसून काढली तर वास जाईल का? (शेतकरी, मोहोळ तालुका)

उपसू नका, आणि हे आजपासून पाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत तळाशी साठते. हवेत दीड टक्का वाफ झाली तरी ठिणगीने पेट घेते. विहिरीवरची मोटर, स्टार्टर, विडी, सगळे बंद. गाळ काढायला किंवा फुटबॉल (मोटरच्या नळीच्या तळाची झडप) पाहायला कोणीही आत उतरू नये. वास सवयीने नाहीसा वाटतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो. हे पाणी पिणे, स्वयंपाक, आंघोळ आणि जनावरे यांतल्या कशालाही वापरू नका.

तवंग तेलाचाच आहे का, ते काडीने कळते. तवंगात काडी फिरवा. लोहाच्या जिवाणूंचा तवंग काचेसारखा तुटतो आणि तुकडे तुकडेच राहतात. तेलाचा फाटतो आणि लगेच पुन्हा एकत्र येतो.

उपसा का नको? विहिरीची पातळी खाली गेली की आजूबाजूचे तरंगते तेल उताराने तुमच्याकडेच येते, आणि जी भेग आजवर पाण्याखाली होती तिच्यात घुसते. पाणी पुन्हा चढते, तेल मात्र भेगेत अडकते आणि पुढे कित्येक पावसाळे थोडे थोडे विरघळत राहते. चार दिवसांच्या उपशाने आणखी खडक नासतो.

शेजारच्या विहिरीचे कोडे आपल्या भागात नेहमीचे आहे. तुमच्या विहिरीला आडवे बोअर मारले आहेत का? किती फुटांवर, कोणत्या दिशेला? पंपाच्या बाजूला गेलेले शंभर फुटांचे आडवे बोअर म्हणजे तेलासाठी टाकलेली पाइपलाइनच. शेजारच्यांची विहीर जवळ असली तरी तिच्या झऱ्यांना मिळणारी भेग वेगळी असेल, किंवा मध्ये गेरूचा थर आडवा येत असेल. म्हणून नकाशावर पंपाभोवती वर्तुळ काढून 'इतक्या मीटरपर्यंत धोका' असे आपल्या खडकात सांगता येत नाही.

आता मोजमाप. पाचशे मीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि बोअर कागदावर मांडा : खोली, केसिंग, आडवे बोअर, मोटर किती वेळ चालते. विहिरींच्या काठांची उंची डंपी लेव्हलने घ्या. मोबाइलच्या जीपीएसची उंची कित्येक मीटरने चुकते. पाण्याची पातळी एकाच सकाळी, सगळ्या मोटरी रात्रभर बंद ठेवून घ्या. तीन विहिरींच्या पातळ्या मिळाल्या की पाणी साधारण कुठल्या दिशेला उतरते ते त्रिकोणावरून निघते.

ज्या बोअरमध्ये तेल तरंगते आहे तिथे एक फसगत होते. पंपवाले टाकीतले पाणी ओळखायला डिपरॉडला (साठा मोजायच्या काठीला) पेस्ट लावतात, पाण्यात ती रंग बदलते. तीच पेस्ट लावलेली काठी सोडली की तेल कुठे सुरू होते आणि पाणी कुठे, दोन्ही कळते. समजा तेलाची जाडी ४० सेंटिमीटर भरली. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट, म्हणून ते तेल ३० सेंटिमीटर पाण्याइतकेच दाब देते. खरी पातळी तेलाच्या माथ्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली धरायची. दहा सेंटिमीटरने काय होते असे वाटेल. पण उतार हजाराला २ असेल तर ५० मीटरच्या अंतरात सगळा उतारच १० सेंटिमीटर असतो. ही दुरुस्ती विसरली की पाणी उलट्या दिशेला वाहतानाही दिसू शकते. शिवाय बोअरमधली ४० सेंटिमीटर जाडी म्हणजे खडकातही तेवढीच जाडी, असे नाही. खडकात ती बरीच कमी असते.

नमुना मिनरल वॉटरच्या बाटलीत घेऊ नका. प्रयोगशाळेकडून ४० मिलीलिटरच्या काचेच्या कुप्या मागवा, टेफ्लॉनच्या झाकणाच्या, आत आम्ल टाकलेल्या. कुपी काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा. बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून द्या, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निघून जाते. बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास ठेवून, रात्रीच्या गाडीने पुण्याला पोचवता येतो. चौदा दिवसांच्या आत तपासणी झाली पाहिजे. दोन कुप्या शेजारच्या चांगल्या विहिरीच्याही पाठवा.

अर्ज तीन ठिकाणी द्या : भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि तहसीलदार. अर्जात पंपाच्या डिप रजिस्टरची आणि टाक्या-नळ्यांच्या दाब चाचणीची मागणी स्पष्ट लिहा. रोजचा साठा आणि विक्री यांचा मेळ महिनोन्महिने एकाच बाजूला चुकत असेल तर गळती तिथेच दिसते. टाकीपेक्षा नळीचे सांधे आणि टँकर खाली करायची जागा आधी पाहायला सांगा. गळती थांबल्याशिवाय पुढचा कुठलाही खर्च वाया आहे.

प्रश्न : चार बोअर घेऊन वर्षभर पंप चालवले, पाणी कोळशातून गाळले की काम झाले. यात मॉडेल कशाला? (निवृत्त अभियंता, होटगी रोड, सोलापूर)

पंप लावायला मॉडेल लागत नाही. बोअर कुठे, उपसा किती आणि किती वर्षे, हे ठरवायला लागते. यातले पहिले दोन तुम्ही पाटीवर सोडवू शकाल.

खडकाची वहनक्षमता (पारगम्यता गुणिले थराची जाडी) दिवसाला ५० चौरस मीटर, उतार हजाराला ५ आणि एका बोअरचा उपसा दिवसाला ४० हजार लिटर, म्हणजे ४० घनमीटर. बोअर वरच्या अंगाचे जेवढे पाणी पकडते त्या पट्ट्याची कमाल रुंदी म्हणजे उपसा भागिले वहनक्षमता गुणिले उतार : ४० भागिले ०.२५, १६० मीटर. पण खुद्द बोअरच्या रेषेत ती निम्मीच असते, ८० मीटर. आणि खालच्या बाजूला बोअरची ओढ जेमतेम २५ मीटरपर्यंत पोचते. बोअर दूषित पट्ट्याच्या मधोमध घेतला तर २५ मीटरच्या पुढचे सगळे निसटते. म्हणून पट्ट्याच्या पुढच्या टोकाजवळ एक आणि उगमापाशी एक असे दोन बोअर ठेवावे लागतात. चार बोअर एकमेकांचे पाणी ओढत बसतात आणि वीज वाया जाते.

आता वर्षे. वाळूतला पट्टा १५० मीटर लांब, ६० रुंद, ८ मीटर जाड. सच्छिद्रता ०.२५ धरली तर आत १८,००० घनमीटर पाणी आहे. दिवसाला ४० ने ते एकदा बदलायला ४५० दिवस. पण एकदा बदलून भागत नाही, मातीला चिकटलेले बेंझिन नव्या पाण्यात सुटत राहते. ५ मिलीग्रॅमवरून ०.०१ वर यायला साधारण १.४ गुणिले ६.२, म्हणजे पावणेनऊ फेऱ्या लागतात. जवळजवळ ११ वर्षे. तेही मूळ तेल काढून टाकले आहे असे धरून! ते राहिले असेल तर हा हिशेब लागूच होत नाही. पेट्रोलमध्ये बेंझिनला एक टक्क्याची मर्यादा आहे. हजार लिटर पेट्रोलमध्ये १० लिटर, म्हणजे पावणेनऊ किलो बेंझिन असू शकते. लिटरला ०.०१ मिलीग्रॅमच्या मर्यादेने ते ८८ कोटी लिटर पाणी नासवायला पुरेसे आहे. म्हणून पैसा आधी तेल शोधण्यात आणि ते तेल, वाफ किंवा माती ओढून-उचलून बाहेर काढण्यात घालावा. विरघळलेल्या पाण्याचा उपसा हा दुसरा टप्पा.

प्रत्यक्षात बिघडते ते लोहाने. तेल मुरलेल्या जागी ऑक्सिजन संपलेला असतो, त्यामुळे लोह पाण्यात विरघळून राहते. पंपाने वर आल्यावर हवा लागते आणि तांबडा गाळ बसतो. बोअरच्या जाळ्या आणि कोळशाचा थर महिन्याभरात तुंबतात, आणि कोळसा निकामी झाला असे समजून तो बदलला जातो. आधी हवा देऊन लोह निवळू द्या, मग वाळूची गाळणी, मग कोळसा. ४० घनमीटर रोज म्हणजे मिनिटाला २८ लिटर. पाणी कोळशात पंधरा मिनिटे राहायला हवे तर ४२० लिटर थर, वजनाने दोनशे किलोच्या आसपास. दोन टाक्या एकामागे एक लावा आणि नमुना दोन्हींच्या मधला घ्या. तिथे बेंझिन दिसू लागले की पाणी आधी ज्या टाकीत येते ती बदला आणि दुसरी तिच्या जागी आणा. गाळलेले पाणी ओढ्यात सोडायचे असेल तर प्रदूषण मंडळाची परवानगी आधी.

आकडे खाली आले म्हणून पंप लगेच काढू नका. तीन-चार महिने नुसते बंद ठेवून नमुने घ्या. भेगाळ खडकात दूषित द्रव्य भेगेच्या दोन्ही अंगांच्या खडकात शिरलेले असते. भेग स्वच्छ झाली की ते परत बाहेर येते आणि बंद पंपाच्या काळात आकडा पुन्हा चढतो. हे चढणे किती, ते पाहिल्याशिवाय काम संपले असे कागदावर लिहू नये.

प्रश्न : मुलगा गुजरातमध्ये मेहसाण्याकडे तेलाच्या कामावर आहे. तो सांगतो, तिकडे तेलापेक्षा तेलाबरोबर येणाऱ्या खाऱ्या पाण्याची भीती जास्त. तेल खाणारे जिवाणू ते पाणी साफ करत नाहीत का? (वाचक, बार्शी)

तुमचा मुलगा बरोबर सांगतो. तेलाबरोबर खोल थरातले पाणी वर येते आणि ते समुद्राच्या पाण्याइतके, कधी त्याहूनही खारट असू शकते. ते तेल काढून झालेल्या थरात परत दाबायचे असते. खड्ड्यात साठवले किंवा दाबण्याच्या विहिरीचे केसिंग सडले तर वरच्या गोड्या पाण्यात मिसळते.

तेल खाणारे जिवाणू आपल्याकडेही तयार झाले आहेत. टेरी संस्थेचे 'ऑइलझॅपर' हे मिश्रण तेलाच्या गाळावर आणि तेलकट मातीवर वापरले जाते. पण मीठ कोणताही जिवाणू खात नाही. क्लोराइड मातीला चिकटतही नाही, त्यामुळे ते पाण्याच्याच वेगाने, बेंझिनच्या पुढे पळते. गावाच्या विहिरीत बेंझिन यायच्या आधी क्लोराइड चढते, म्हणजे तीच पहिली सूचना. महिन्याला एकदा साध्या टीडीएस मीटरने नोंद ठेवली तरी ती मिळते. मात्र उत्तर गुजरातेत काही ठिकाणी भूजल मुळातच खारट आहे, म्हणून नुसता चढलेला आकडा पुरावा ठरत नाही. क्लोराइड आणि ब्रोमाइड यांचे गुणोत्तर तपासून खारेपणा कुठला ते ओळखावे लागते.

मॉडेलमध्ये जिवाणूंनी खाण्याचे पद इथे शून्य. उरते ते फक्त पातळ होणे. २०,००० मिलीग्रॅम क्लोराइडचे पाणी २५० वर, म्हणजे भारतीय मानकाच्या स्वीकार्य मर्यादेत आणायला ८० पट पाणी लागते. शिवाय खारे पाणी जड असते, ते थराच्या तळाशी जाऊन बसते आणि तळाच्या उताराने जाते. पातळीच्या नकाशावर ते दिसतच नाही. घनतेचा विचार न करणारे मॉडेल ते वरच्या वर वाहते असे दाखवेल. बोअरची जाळी वरच्या थरात ठेवली तर नमुना गोडच येईल. जाळी तळाला हवी.

खाऱ्या पाण्याचे एक मोठे उदाहरण कुवेतचे आहे. १९९१ च्या युद्धात पेटलेल्या तेलविहिरी विझवायला समुद्राचे पाणी वापरले गेले. सांडलेल्या तेलाच्या तळ्यांबरोबर तेही वाळूत मुरले आणि रौदतैन व उम्म अल ऐशच्या गोड्या पाण्याच्या साठ्यापर्यंत पोचले. त्या वाळवंटात मुळात गोडे पाणी होते ते जवळजवळ तेवढेच.

प्रश्न : बोअरच्या पाण्याला डिझेलचा वास येत होता, म्हणून दोन किलो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली. वास थोडा कमी झाला, आता पाणी चालेल का? मॉडेल करायला सॉफ्टवेअर महाग असते का, हेही सांगा. (वाचक, अक्कलकोट)

पाणी चालणार नाही. टीसीएल रोगजंतू मारते, डिझेल काढत नाही. क्लोरीनचा वास डिझेलच्या वासावर बसला एवढेच. उलट काही सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीन मिसळून नवी अपायकारक द्रव्ये तयार होऊ शकतात, आणि जे जिवाणू डिझेल खात होते तेही मेले. आणखी टाकू नका. क्लोरीन उतरल्यावरच नमुना घ्या, आणि टीसीएल टाकली होती हे प्रयोगशाळेला लिहून कळवा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलीग्रॅम आहे, ती चाचणी मागा.

सॉफ्टवेअर फुकट आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॉडफ्लो १९८४ पासून आहे. त्याची सहावी आवृत्ती पाण्याबरोबर दूषित द्रव्याचाही हिशेब करते. चित्रावर काम करायला मॉडेलम्यूज, पायथॉन येत असेल तर फ्लोपाय. खाऱ्या पाण्यासाठी सीवॅट. एक्सेलवर चालणारे बायोस्क्रीन पहिल्या अंदाजाला उत्तम, पण ते वाळूसाठी बनलेले आहे. शंभर बाय शंभर चौकटींचे मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालते. चौकटीची लांबी मात्र पसरण्याच्या अंतराच्या दुपटीपेक्षा मोठी ठेवू नका. नाहीतर उत्तरात नसलेले पसरणे शिरते, किंवा बेंझिनचे आकडे उणे येऊ लागतात. बाकी, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? विहिरींच्या नोंदी नसतील तर सॉफ्टवेअर नुसता रंगीत नकाशा छापून देईल.

प्रश्न : उन्हाळ्यात विहिरीचा पेट्रोलचा वास गेला, वाटले सुटलो. ऑगस्टमध्ये पुन्हा आला. पंपवाले म्हणतात गळती वर्षापूर्वीच बंद केली. खोटे बोलतात का? (वाचक, कुर्डुवाडीजवळ)

गळती खरोखर बंद झाली असेल तरी असेच होईल. आपल्याकडे विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबर यांच्यात कित्येक मीटर वरखाली होते. पाणी खाली जाते तेव्हा तेल त्याच्यामागे उतरते आणि वाटेतल्या मुरमाला, भेगांना लेप लावत जाते. पावसाळ्यात पाणी त्या लेपावर चढते आणि तो विरघळू लागतो. उन्हाळ्यात तेच तेल कोरड्या खडकात पाण्याच्या वर लटकलेले असते, म्हणून पाण्याला वास नाही. मे महिन्याच्या एका नमुन्यावरून 'स्वच्छ' असा दाखला कोणी देत असेल तर तो घेऊ नका.

त्या लेपातून उन्हाळ्यातच वाफ ओढून घेता येते. पातळी सर्वांत खाली असताना कोरड्या भागात बोअर घेऊन निर्वात पंपाने हवा खेचतात आणि ती कोळशातून सोडतात. मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ यासाठी सोडू नये. पेट्रोलला हे लागू पडते, डिझेलची वाफ फार कमी होते. पंप अर्थातच स्फोटरोधक हवा.

नमुने मे अखेर आणि ऑक्टोबरात असे वर्षातून दोनदा, त्याच विहिरीतून, त्याच खोलीवरून घ्या आणि प्रत्येक नमुन्यापुढे त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहा. ऑक्टोबरची तुलना मागच्या ऑक्टोबरशी करा. पातळी सारखी असताना बेंझिन सलग तीन वर्षे उतरत असेल तर पंपवाले खरे बोलत आहेत. पातळी सारखी आणि बेंझिन चढते, तर दाब चाचणीसाठी पुन्हा अर्ज द्या आणि तिन्ही वर्षांचा तक्ता त्याला जोडा.